आर्ट शेल : समोरच्याच्या नावापुढे शून्य मांडणारा लाइनमन

अभिजित_फ्रीमाँट (धागालेखक)

९ जानेवारी १९७७. पॅसाडीनाचं रोझ बोल मैदान, लाखाच्या वर प्रेक्षक, अकरावा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोसमाचा शेवटचा, विजेता ठरवणारा सामना. ओकलंड रेडर्सनी मिनेसोटा व्हायकिंग्जना ३२–१४ असं हरवलं. सामन्याचा मानकरी ठरला झेल घेणारा फ्रेड बिलेट्निकॉफ. क्लॅरेन्स डेव्हिसने १६ वेळा चेंडू घेऊन १३७ यार्ड काढले, त्याचंही कौतुक झालं. मी मात्र त्या सामन्याचे आकडे उघडले की एकाच नावाशी थांबतो. व्हायकिंग्जचा जिम मार्शल. वय ३९, वर्षानुवर्षं एकही सामना न चुकवलेला, दरारा असलेला बचावपटू. त्या दिवशी त्याच्या नावापुढे टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पाडणं, शून्य, टॅकलला मदत शून्य, आणि सॅक, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकायच्या आत पाडणं, तेही शून्य. माणूस सामना खेळला आणि आकड्यांत कुठे उमटलाच नाही.

त्याच्या समोर उभा होता रेडर्सचा ७८ नंबर, आर्ट शेल. त्याच्या स्वतःच्या नावापुढेही आकडा नाही, कारण लाइनमनला, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या ओळीतल्या माणसाला, आकडा मिळतच नाही. तो चेंडू घेत नाही, फेकत नाही, पळवत नाही. त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा सामना बघायचा तर दुसऱ्याच्या रकान्यात बघावा लागतो.

बरेच दिवस या माणसावर लिहायचं मनात होतं. इथे फुटबॉल बघणारे बरेच आहेत, पण गप्पा कायम क्वार्टरबॅकच्या चालतात. म्हणून हा धागा.

शेलचा जन्म १९४६चा, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या असण्याचा तो काळ. पाच भावंडांत हा थोरला. पंधरा वर्षांचा असताना आई गेली आणि धाकट्यांना सांभाळायला वडिलांच्या जोडीला हा उभा राहिला. पुढे मेरीलँड स्टेट या छोट्या कॉलेजात गेला. प्रिन्सेस ॲन नावाच्या गावातलं हे कृष्णवर्णीयांचं कॉलेज, आज ते मेरीलँड विद्यापीठाचं ईस्टर्न शोर म्हणून ओळखलं जातं. तिथे तो फुटबॉल खेळला आणि बास्केटबॉलही. हे बास्केटबॉल लक्षात ठेवा. साडेसहा फुटांच्या घरातला, कागदावर २६५ पौंडांचा माणूस पावलांवर इतका हलका कसा, याचं उत्तर मला तिथे सापडतं. बास्केटबॉलमध्ये समोरच्याला हातात न धरता फक्त पावलांनी अडवायचं असतं.

१९६८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंच्या निवडीत, रेडर्सनी त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं, एकूण ८०वा. आल्या आल्या कोणी त्याला मुख्य संघात उभं केलं नाही. सुरुवातीला किक मारताना आणि अडवताना जी वेगळी तुकडी मैदानात उतरते तिच्यात त्याने घाम गाळला, आणि तिसऱ्या मोसमात डावा टॅकल ही जागा मिळवली (इथे टॅकल म्हणजे अडवणाऱ्या ओळीच्या टोकाचा माणूस). त्याच्या उजव्या हाताला गार्ड म्हणून ६३ नंबरचा जीन अपशॉ. ही जोडी दशकभर हलली नाही. अपशॉ १९८७मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला, शेल १९८९मध्ये. एकाच संघाची शेजारशेजारची दोन माणसं, तीही लाइनमधली, हे फार क्वचित घडतं.

एकूण १५ मोसम, २०७ साखळी सामने, आठ वेळा प्रो बोल (मोसमातल्या निवडक खेळाडूंचा सामना), दोन सुपर बोल विजय.

आता एक बारकी गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. डाव्या टॅकलला एवढा भाव का, तर उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकताना उजवीकडे वळतो आणि त्याची पाठ डावीकडे येते. त्या पाठीचा राखणदार म्हणजे डावा टॅकल. पण १९७७च्या रेडर्सचा क्वार्टरबॅक केन स्टेबलर डावखुरा होता! म्हणजे शेल जी बाजू राखत होता ती स्टेबलरला समोर दिसत होती. पाठीचं ओझं उजव्या टॅकलवर. शेल-अपशॉच्या अंगावर जास्त भार होता तो चेंडू हातात घेऊन पळायच्या डावांचा. रेडर्सना कधी हमखास यार्ड हवे झाले की ते डावीकडे वळायचे. सगळ्या मैदानाला ठाऊक, समोरच्या संघालाही ठाऊक, तरी डावीकडेच. त्या सुपर बोलमध्ये त्यांनी धावून २६६ यार्ड काढले.

चार वर्षांनी, जानेवारी १९८१मध्ये, न्यू ऑर्लिन्सला फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध २७–१० असा दुसरा सुपर बोल जिंकला तेव्हा क्वार्टरबॅक होता जिम प्लंकेट, उजव्या हाताचा. आता तीच जागा, तोच माणूस, पण काम बदललं. न दिसणारी पाठ शेलच्या हवाली. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. या मधल्या काळात नियमही उलटेपालटे झाले, त्याबद्दल कोणी विचारलं तर खाली लिहीन.

आणि मग ३ ऑक्टोबर १९८९. रेडर्स तेव्हा लॉस एंजेलिसला होते. माइक शॅनाहानच्या हाताखाली मोसमाची सुरुवात एक विजय, तीन पराभव अशी झाली होती. मालक अल डेव्हिसनी त्याला काढलं आणि सहा वर्षं लाइन शिकवणाऱ्या शेलला मुख्य कोच केलं. १९२०च्या दशकातल्या फ्रिट्झ पोलार्डनंतर एनएफएलमधला, म्हणजे या व्यावसायिक फुटबॉल लीगमधला, पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. सहा दिवसांनी सोमवारी रात्री जायंट्स स्टेडियमवर न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध पहिला सामना. १४–७, जिंकला.

माझं म्हणणं एवढंच आहे की शेलचं कोच होणं हा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच, पण त्या नादात तो लाइनमन म्हणून काय होता आणि त्याने तेच कोचिंगमध्ये कसं नेलं हे बाजूला पडतं. ज्याचं काम कुणाला दिसत नाही त्याची किंमत शेवटी संघाच्या आकड्यावर होते. शेलच्या बाबतीत हे दोन्ही वेळा झालं, एकदा त्याच्या बाजूने आणि एकदा विरुद्ध. बोला.

---

निशिगंधा_सातारा

लेख आवडला. मी हा खेळ कधी धड पाहिलेला नाही, मुलगी मिशिगनला शिकायला गेल्यापासून थोडं थोडं कानावर पडतं. आमच्याकडे लाइनमन म्हटलं की खांबावर चढणारा वीज मंडळाचा माणूस. माझे काका तेच काम करत. पावसाळ्यात रात्री दोनला दार वाजायचं, काका सायकलवर पक्कड-दोरी घेऊन निघायचे. लाईट असली की त्यांची आठवण कुणाला नाही, गेली की साऱ्या गावाला त्यांचं घर माहीत. तुमच्या पहिल्या दोन परिच्छेदांत मला काकाच दिसले.

एक विचारते. हा माणूस नेमकं करतो काय? अडवतो म्हणजे धरतो का? धरायला परवानगी आहे का?

---

अभिजित_फ्रीमाँट

ताई, काकांची गोष्ट वाचून थांबलो थोडा वेळ. मी जे लांबलचक लिहिलं ते तुम्ही चार ओळींत सांगितलंत.

धरायला परवानगी नाही. धरलं की दंड, दहा यार्ड मागे. चेंडू निघाला की समोरचा अंगावर येतो, आणि याने त्याच्या आणि क्वार्टरबॅकच्या मधे राहायचं. तोंड त्याच्याकडे, पावलं मागे. मागे सरकायचं पण ढकललं जायचं नाही. साधारण तीन सेकंद. धावेचा डाव असेल तर उलट, आपणच पुढे घुसून त्याला जागेवरून हलवायचं.

आता त्या नियमांविषयी. १९७७पर्यंत बचावपटूला समोरच्याच्या हेल्मेटवर उघड्या हाताने थप्पड मारता यायची, आणि तो राजरोस डाव होता. कानठळ्या बसतात, क्षणभर डोळे मिटतात, तेवढ्यात तो बाजूने निसटतो. अडवणाऱ्याला मात्र हात लांब करायची मुभा नव्हती. कोपर वाकवून मुठी छातीशी ठेवायच्या आणि खांद्यांनी झेलायचं. १९७७च्या मोसमात थप्पड बंद झाली. १९७८मध्ये अडवणाऱ्याला हात सरळ करून उघड्या पंजाने ढकलायची परवानगी मिळाली.

म्हणजे मार्शलच्या नावापुढे शून्य मांडलं गेलं तो जानेवारीतला सामना १९७६च्या मोसमाचा, जुन्या नियमांचा. समोरच्याला थप्पड चालते, याला हात पसरायला बंदी. तो दिवस मला म्हणून एवढा मोठा वाटतो. आणि नियम बदलला तेव्हा शेलला लीगमध्ये दहा मोसम झाले होते. दहा वर्षं मुठी छातीशी ठेवायची अंगाला लागलेली सवय मोडून पंजे पुढे टाकायला शिकायचं, तेही पस्तिशीकडे झुकताना. १९७८ आणि १९८० दोन्ही साली तो प्रो बोलला गेला आहे, म्हणजे शिकला.

माझा मुलगा शाळेच्या संघात दोन वर्षं डावा गार्ड होता. संध्याकाळी सरावाला आणायला जायचो तेव्हा कुंपणापाशी उभा राहून बघायचो. मैदानाच्या कोपऱ्यात लोखंडी पाइपांची एक बुटकी चौकट असे, छातीएवढ्या उंचीची. शिट्टी वाजली की पाच पोरं तिच्या खालून एकदम सुटायची. जो सरळ उभा राहिला त्याचं हेल्मेट वरच्या पाइपावर खणकन आदळायचं. पहिल्या आठवड्यात खणखणाट, दसऱ्याच्या सुमारास एकही आवाज नाही. घरी आल्यावर तो बोटांवरची चिकटपट्टी सोडवत बसायचा, करंगळी आणि अनामिका एकत्र बांधलेली असायची, सोलवटलेली. त्याच्या हेल्मेटच्या कपाळावर समोरच्या संघांच्या हेल्मेटचे रंग लागलेले असत. हिरवा, मरून, एक पिवळा. ते त्याने कधी पुसले नाहीत.

---

लाल_माती

अभिजितदादा, ती पाइपांची चौकट वाचून अंगावर काटा आला. आमचे वस्ताद पवित्रा शिकवताना पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. पाठ वर आली की थाप. ‘कंबर खाली, मान वर, नजर त्याच्या छातीवर.’ नजर हातावर ठेवली की हुलकावणीला फसतो, छाती खोटं बोलत नाही.

मी चौदा वर्षं तालमीत काढली, कोल्हापूर आणि मग पुणे. आता टेक्सासात असतो. इथल्या लोकांना वाटतं लाइनमन म्हणजे वजन. वजन कुणीही खाऊन कमावतं. पण समोरच्याचा जोर आपल्या अंगातून जमिनीत कसा सोडायचा ही विद्या आहे, आणि ती कंबर आणि टाचांत असते. ७० सालातल्या शेलच्या खेळाच्या चित्रणाचे तुकडे मी पाहिलेत. हात छातीशी असताना फक्त कंबर आणि पावलांवर माणसाला तोलून धरणं म्हणजे पट न काढता, कस न भरता कुस्ती करण्यासारखं आहे.

आणखी एक. पैलवान चांगला म्हणून वस्ताद चांगला होतोच असं नाही. ज्याला सगळं उपजत आलं त्याला सांगता येत नाही. हिंद केसरी गणपतराव आंदळकरांसारखा, जो स्वतः लढला आणि मग मोतीबाग तालमीत पोरं घडवत बसला, असा एखादाच. शेल वस्ताद म्हणून कसा होता ते वाचायला आवडेल.

---

डॅलसकर

माझं मत थोडं वेगळं आहे, मनापासून सांगतो.

खेळाडू म्हणून शेल थोर, यात वादच नाही. कोच म्हणून? १९८९ ते १९९४ या काळात ५४ विजय, ३८ पराभव. चांगलं आहे. पण प्लेऑफमध्ये, साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, तीन वेळा गेले, दोन सामने जिंकले, तीन हरले. त्यातला एक म्हणजे २० जानेवारी १९९१, बफेलो बिल्सविरुद्ध ५१–३. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, सुपर बोलच्या एक पायरी आधी! मध्यंतरालाच ४१–३ झालं होतं. बफेलोचा क्वार्टरबॅक जिम केली डावामागून डाव गोळा न होता लगेच सुरू करत होता आणि रेडर्सना श्वास घ्यायला सवड मिळत नव्हती. त्यावर शेलकडे काही उत्तर नव्हतं. आणि २००६चे दोन विजय, चौदा पराभव तर सगळ्यांना माहीत आहेत. एकूण ५६–५२.

पहिला होता याचा मान पूर्ण द्यावा. पण कोच म्हणून मोजताना वेगळी फूटपट्टी लावू नये असं मला वाटतं. तसं करणं त्याच्याच मोठेपणाला कमीपणा आणतं.

---

अभिजित_फ्रीमाँट

डॅलसकर, वेगळी फूटपट्टी मलाही नको. हीच फूटपट्टी धरू, फक्त पूर्ण लांबीची.

१९९०चा मोसम घ्या. १२ विजय, ४ पराभव, विभागात पहिले. बेंगल्सविरुद्ध २०–१० असा प्लेऑफ सामना जिंकला आणि त्याच सामन्यात चेंडू घेऊन धावणाऱ्या बो जॅक्सनचं कंबरेचं हाड गेलं. तो पुन्हा कधी फुटबॉल खेळला नाही. बफेलोचा सामना बरोबर सात दिवसांनी. ५१–३चं समर्थन मी करत नाही, एका जॅक्सनने ४८ गुणांची दरी भरली नसती. पण आठवडा कसा गेला असेल ते ध्यानात घ्यायला हवं.

दुसरं, मुख्य कोच होण्याआधीचं आणि नंतरचं त्याचं काम तुमच्या हिशेबात येतच नाही, आणि माझ्या मते ‘वस्ताद’ तिथे दिसतो. जानेवारी १९८४मध्ये रेडर्सनी वॉशिंग्टनला ३८–९ हरवून सुपर बोल जिंकला, मार्कस ॲलनने १९१ यार्ड धाव घेतली. तेव्हा शेल नुकताच लाइनच्या कोचिंगमध्ये आलेला होता. रेडर्सनी १९९५मध्ये काढल्यावर तो घरी बसला नाही. सहा मोसम मुख्य कोच राहिलेला, हॉल ऑफ फेममधला माणूस, कॅन्सस सिटीला परत साधा लाइनचा कोच म्हणून गेला. दोन वर्षं तिथे, मग १९९७ ते २००० अटलांटा फाल्कन्स.

१९९८मध्ये फाल्कन्सनी १४ सामने जिंकले, दोन हरले. जमाल अँडरसनने ४१० वेळा चेंडू घेऊन १८४६ यार्ड काढले. त्याच्या पुढची फळी कोणी शिकवली? शेलने. अँडरसनचं नाव सगळ्यांना आठवतं, हे बघा परत तेच. आणि त्यांचा सुपर बोल झाला डेन्व्हरशी, ३४–१९ हरले. डेन्व्हरचा कोच कोण? माइक शॅनाहान. १९८९मध्ये ज्याच्या जागी शेल आला तोच. एक मुख्य कोच म्हणून सलग दुसरा सुपर बोल जिंकत होता आणि दुसरा समोरच्या बाजूला पाच माणसांना पवित्रा शिकवून उभा होता. मला या चित्रात शेल लहान दिसत नाही.

---

मेधा_शार्लट

डॅलसकरांचा मुद्दा रास्त आहे. पण ‘पहिला’ या शब्दामागे किती साल आणि किती माणसं आहेत ते इथे यायला हवं, म्हणून लिहिते.

फ्रिट्झ पोलार्ड १९२०मध्ये अक्रन प्रोजकडून खेळला, विजेतेपद मिळवलं, आणि १९२१पासून खेळता खेळता कोचही झाला. म्हणजे लीग स्थापन झाली त्याच्या पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीय कोच होता. पुढे दार हळूहळू लोटलं गेलं. १९३४ ते १९४५ या मोसमांत एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतलं तेव्हा ते परत उघडलं. पण कोचच्या खुर्चीपर्यंत पोचायला १९८९ उजाडलं.

शेजारच्या खेळांकडे बघा. बास्केटबॉलमध्ये बिल रसेल १९६६मध्ये बॉस्टन सेल्टिक्सचा कोच झाला. बेसबॉलमध्ये फ्रँक रॉबिन्सन १९७५मध्ये क्लीव्हलंडचा मॅनेजर. फुटबॉल सर्वांत मागे, आणि तोवर लीगमधले निम्म्याहून जास्त खेळाडू कृष्णवर्णीय होते. मैदानात हवेत, खडू घेऊन फळ्यासमोर नकोत, असा तो काळ.

शेलची नेमणूक झाली तेव्हा त्याने फार मोजकं बोलणं केलं. याचं महत्त्व कळतं, अभिमान आहे, पण मी रेडर आहे आणि मला रंगामुळे निवडलेलं नाही, असा त्याचा सूर होता. मला यात अभिजितने लिहिलेला लाइनमन दिसतो. सगळे कॅमेरे तोंडासमोर असताना पाय मागे सरकवून जागा धरून ठेवणं.

दुसरा कृष्णवर्णीय मुख्य कोच, डेनिस ग्रीन, यायला १९९२ उजाडलं. मुख्य कोच निवडताना किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायला लावणारा रूनी नियम २००३मध्ये आला. आणि पोलार्डला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली २००५मध्ये, तो जाऊन दोन दशकं होत आल्यावर.

आता २००६च्या त्या मोसमाबद्दल. शेलला रेडर्सनी जानेवारी २००७मध्ये दुसऱ्यांदा काढलं. त्याच मोसमाचा सुपर बोल ४ फेब्रुवारी २००७ला झाला आणि त्यात दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय मुख्य कोच होते, इंडियानापोलिसचा टोनी डंजी आणि शिकागोचा लव्ही स्मिथ. असं पहिल्यांदाच घडत होतं. ज्याने ते दार उघडलं तो बरोबर एक महिना आधी बेकार झालेला. मी तो सामना शार्लटला एका मैत्रिणीच्या घरी बघितला होता. तिचे वडील, सत्तरीचे, राष्ट्रगीताच्या वेळी दोन्ही कोच पडद्यावर दिसले तेव्हा उठून उभे राहिले आणि नंतर बराच वेळ बसलेच नाहीत. कोणी काही बोललं नाही.

---

डॅलसकर

मेधाताई, ४ फेब्रुवारीची ही सांगड माझ्या ध्यानात कधी आली नव्हती. आभार.

लाइन-कोच म्हणून मी त्याला मोजलंच नव्हतं, हे कबूल. मुख्य कोच म्हणून मत तितकंच ठेवतो, पण अभिजित म्हणतो तशी फूटपट्टी अर्धीच धरली होती. आता राहिलं २००६. त्या मोसमावर तुम्ही दोघांनीही पटकन पाय उचललात.

---

अभिजित_फ्रीमाँट

उचलला, कारण ते लिहायला जड जातं. ११ सप्टेंबर २००६, सोमवारी रात्री, ओकलंडचा घरचा पहिला सामना. मी तिथे होतो. वरच्या मजल्यावरचं तिकीट, सोबत ऑफिसमधले दोघं, मुलगा तेव्हा सात वर्षांचा. बारा वर्षांनी शेल मुख्य कोच म्हणून परत उभा. आजूबाजूला ७८ नंबरचे जुने जर्सी घातलेली माणसं, काहींचे रंग उडालेले. सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध २७–०. एकही गुण नाही. क्वार्टरबॅकला नऊ वेळा पाडलं.

मला गुणांपेक्षा ते नऊ लागले. वरून सगळी फळी दिसते. चेंडू निघाला की डावीकडचा माणूस एक पाऊल उशिरा, उजवीकडचा उभाच. प्रत्येक वेळी शेल हाताची घडी घालून कडेला. ओरडला नाही, हातातली पाटी आपटली नाही. ज्याच्या हातून असलं काम बंद डोळ्यांनी झालं असतं त्याला ते कडेला उभं राहून बघायचं होतं.

मोसमभरात ७२ सॅक. सगळ्या मोसमात १६८ गुण, लीगमध्ये सर्वांत कमी. लाइन शिकवणाऱ्यांत जॅकी स्लेटर होता, तोही टॅकल, तोही हॉल ऑफ फेममधला. दोन महान टॅकल एका संघात आणि त्यांच्याच क्वार्टरबॅकला ७२ वेळा जमीन दिसली. डावांची आखणी टॉम वॉल्शकडे दिली होती, जो बरीच वर्षं लीगच्या बाहेर आयडाहोत पाहुण्यांसाठी खोल्या चालवत होता. ही निवड शेलची होती आणि ती चुकली, मोसम संपायच्या आत त्यालाच ते काम काढून घ्यावं लागलं. खेळ बारा वर्षांत पुढे गेला होता आणि त्याने जुन्या माणसांवर भरवसा ठेवला. निष्ठा हा रेडर्सचा धर्म होता, शेल त्याच धर्मात वाढला. १९९०मध्ये त्याच गुणाने संघ एकत्र ठेवला आणि २००६मध्ये त्यानेच बुडवला, असं माझं मत. डॅलसकर, यात मी त्याची बाजू घेत नाही. ज्याला त्याचं प्रेम आहे त्यानेच हे बोलावं, परक्याने बोलू नये, एवढंच.

---

पूर्वा_पर्थ

धागा वाचताना एक प्रश्न पडला. हे लाइनमन इतके कोच का होतात? आत्ताचा अँडी रीड ब्रिगम यंगला लाइनमध्ये खेळलेला, कॅन्सस सिटीला तीन सुपर बोल जिंकून दिले. व्हिन्स लोम्बार्डी फोर्डहॅमला गार्ड होता. पॅकर्सचा टॅकल फॉरेस्ट ग्रेग पुढे बेंगल्सना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. खुद्द शेलचा कोच जॉन मॅडनही टॅकलच होता, गुडघा गेल्यामुळे व्यावसायिक खेळ सुरू व्हायच्या आत संपला. योगायोग तर नसेल.

---

लाल_माती

पूर्वाताई, माझा अंदाज सांगतो. झेल घेणाऱ्याला आपली वाट पाठ असली की भागतं. लाइनच्या पाच जणांना एकमेकांचं काम पाठ असावं लागतं. शेजारच्याने समोरचा सोडला तर तो आपल्याला घ्यायचा, आणि ते चेंडू निघायच्या आधीच्या दोन सेकंदांत ठरतं. समोरची माणसं कशी उभी आहेत ते वाचायचं, शेजाऱ्याला एका शब्दात सांगायचं, आणि मग तोंड बंद. पंधरा वर्षं रोज हे करणारा माणूस डाव मुळापासून शिकतो. शेल आणि अपशॉ शेवटी शेवटी बोलतही नसतील, कोपराच्या धक्क्यावर काम होत असेल. तालमीत जोडीदार असाच असतो. त्याने श्वास आत घेतला की कळतं आता येतोय.

आणि अपशॉही गप्प बसणारा निघाला नाही. खेळ संपल्यावर १९८३ ते २००८, मरेपर्यंत, खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख होता. एकाने मैदान सांभाळलं, दुसऱ्याने बैठकीची खोली. शेजारी शेजारीच.

---

निशिगंधा_सातारा

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आता बघायचंय. कुठला सामना बघू, आणि बघताना नजर कुठे ठेवू? चेंडूच्या मागे डोळे आपोआप जातात.

---

अभिजित_फ्रीमाँट

ताई, तो अकरावा सुपर बोलच बघा, चित्रण मिळतं. रेडर्स पांढऱ्या जर्सीत, व्हायकिंग्ज जांभळ्या. रेडर्सकडे चेंडू असेल तेव्हा वाकलेल्या पाच जणांची ओळ दिसेल. ते ज्या दिशेला तोंड करून आहेत त्यांच्या डाव्या टोकाला ७८, त्याला लागून ६३. चेंडू निघायच्या आधी नजर ७८वर ठेवा आणि शिट्टी होईपर्यंत हलवू नका. समोर ७० नंबर दिसेल, तो मार्शल. पहिले चार-पाच डाव काही कळणार नाही. दुसऱ्या चतुर्थात दिसायला लागेल.

---

निशिगंधा_सातारा

काल रात्री बघितला, मुलगी फोनवर तिकडून सोबत बघत होती. तुम्ही सांगितलं तसंच केलं. दुसऱ्या चतुर्थात एक डाव आला, मार्शल आत शिरल्यासारखं करून बाहेरून वळला. ७८चं डावं पाऊल त्याच्या आधीच तिथे होतं. मार्शल त्याच्या छातीवर आदळला आणि तिथेच राहिला. एवढ्यात लोक ओरडायला लागले, मुलगी म्हणाली, ‘आई, बघितलंस का, केवढा लांब पळाला!’

कोण पळाला ते मी बघितलंच नव्हतं. मागे घेऊन तो डाव परत लावला, आणि परत ७८कडेच बघितलं.